पावणेचार मिनिटं

साखर पेठेत, दप्तरांच्या दुकानावर,
जिना चढून डाव्या हाताला
पद्मजा बोद्धूल मॅडमचा क्लास होता.
पाटीवर आधी मेंदी, मग पार्लर,
आणि खाली, नंतर रंगवलेलं,
बेली डान्स, फक्त लेडीज.

आम्ही सहा जणी. महिना दीडशे रुपये.
खिडक्या बंद, कारण समोरच्या गच्चीवर
कारखान्यातली पोरं डबा खायला बसायची.
कमरेला ओढणी, ओढणीला
चाटी गल्लीतल्या टिकल्या,
पहिल्याच दिवशी निम्म्या गळाल्या.

मॅडम म्हणायच्या, हलवा.
काय हलवायचं ते दाखवायच्या,
कुठून ते नाही.
गुडघ्यांचं नाव वर्षभरात कुणी काढलं नाही,
श्वासाचंही नाही.
हा नाच कुठला, वरलक्ष्मीनं विचारलं,
तर म्हणाल्या, तिकडचा,
आणि तिला मागच्या रांगेत उभं केलं.

सीडी एकच होती.
तिच्यावर चरा, पावणेचार मिनिटांवर.
तिथं आलं की गाणं
त त त त करत अडकायचं
आणि मॅडम बटण दाबायच्या: पुन्हा पहिल्यापासून.
आमची सुरुवात इतकी पक्की झाली
की झोपेतही कंबर नेमक्या ठोक्यावर पडायची.
शेवटाचं विचारायचं सुचलंच नाही.
वाटलं, हा नाच असाच, मधेच थांबणारा.
तसंही सात वाजलेले असायचे
आणि घरी कणीक भिजवायची असायची.

घरी नान्ना चादरी तपासायचे.
उजेडासमोर धरून,
पण डोळ्यांनी नाही, बोटांनी.
एखादा आडवा धागा सुटला असला
की बोट अडायचं.
सेकंड, म्हणायचे, आणि वेगळ्या ढिगात टाकायचे.
सेकंड चादर पांघरता येते. ऊब तेवढीच.
फक्त धुवून धुवून एक दिवस
ती बरोबर तिथूनच जाते.

माझी पाठ तिशीत गेली.
होटगी रोडच्या डॉक्टरीणबाईंनी
एक्स-रे उजेडासमोर धरला. म्हणाल्या,
उभ्या कशा राहता, दाखवा.
दाखवलं. गुडघे ताठ, पोट पुढं,
माकडहाडावर खड्डा.
नाचताना पण?
नाचतानाच, मी म्हणाले.

ते गाणं अख्खं ऐकलं
विजापूर रोडच्या थांब्यावर, मोबाइलवर,
एकाच कानात, दुसरी तार तुटलेली.
पावणेचार मिनिटं झाली.
अडकलं नाही.
वाद्यं एकेक करून गप्प झाली
आणि मागे राहिला एकटा ढोल,
दुम, तक तक, दुम, तक,
साधाच, मागावर हात बसल्यासारखा,
आणि मग त्यानं मान वळवली.
कंबर पुढच्या ठोक्याची वाट बघत राहिली,
तो पडला दुसरीकडंच.
दोन मिनिटं मला
काहीच येत नव्हतं.
बस गेली.

परवा मॅडम दिसल्या लक्ष्मी मंडईत, मेथी निवडताना.
मी म्हणाले, त्या गाण्याला शेवट आहे.
होय का, म्हणाल्या.
जुडी खाली ठेवली.
पुण्यात शिबिर होतं गं, चार दिवसांचं.
तिसऱ्या दिवशी सासूबाई पडल्याचा फोन आला.
गुडघे बहुतेक चौथ्या दिवशी होते.
मग भाजीवाल्याला म्हणाल्या,
दहाला दोन दे की, कोमेजलीय.

आता माझ्याकडं पाच पोरी येतात.
पहिला महिना आम्ही नुसत्या उभ्या राहतो.
त्यांच्या आया जिन्यात विचारतात,
डान्स कधी सुरू होणार?
वरलक्ष्मीची धाकटी विचारते, हा कुठला?
मला माहीत आहे तेवढं सांगते,
फार नाही, चहा उकळेपर्यंत संपतं.
आणि गाणं पावणेचार मिनिटांवर आलं
की बाजूला होऊन भिंतीला टेकते.
म्हणते, इथून पुढं मी कच्ची आहे.
ऐका.