बोटभर

धडगावला जाताना तिने मला
हाताला धरून कुंडीपाशी नेलं:
ही मोरपंखीची बुटकी जात आहे.
उंच होणार नाही.
खत घालून घाई करू नकोस.

काळी माती नको, आपली तापीकाठची,
पाणी धरून बसते, मुळं कुजतात.
मुरूम, थोडी वाळू, जुनं शेणखत,
भोकावर खापराचा तुकडा,
उताणा नाही, पालथा.
एवढं सांगून ती नंदुरबारच्या एसटीत बसली,
नर्सच्या नेमणुकीचा कागद पर्समध्ये.

मी दीपनगरला. राख विभाग, तिन्ही पाळ्या.
चिमणीतून जे सुटतं
ते संध्याकाळी क्वार्टरच्या ओट्यावर येऊन बसतं,
मोरपंखीच्या खवल्याखवल्यात.
माझ्याच खात्याची राख
मी घरी येऊन ओल्या फडक्याने पुसतो.
याचा ओव्हरटाइम मिळत नाही.

शेजारच्या हिराबाई अमळनेरकडच्या.
कठड्यावरून विचारतात:
"याले फूल येस का?"
नाही.
"फय?"
येतात, शिंगं असलेली निळसर बोंडं.
कुणी खात नाही.
"मंग कसाले पोसस रे भाऊ?"
त्यांच्या भावाची चोपड्याला केळी आहे.
वर्षात डोक्यावर, मग घड, मग कोयता, मोकळं रान.
तो हिशेब मला कळतो.
माझा मला सांगता येत नाही.

मे महिन्यात पारा शेहेचाळीसवर गेला
तेव्हा कुंडीला ओलं गोणपाट गुंडाळलं.
पाणी पहाटे, बुडाशी.
तरी एक दिवस रंग विटला.
फोनवर ती म्हणाली, खाली कोरा कागद धर,
फांदी झटक.
ठिपके पडले तर धूळ,
चालायला लागले तर कोळी.
चालायला लागले.
मिरचीपुडीला पाय फुटावेत तसे.
निंबोळीचं तेल, साबणाचं पाणी,
आठ दिवसांनी पुन्हा.
त्या रात्री आम्ही तासभर बोललो,
फक्त कोळ्यांबद्दल.
किती दिवसांनी.

कापलं ते त्याच दिवाळीत.
ती येणार होती. आली नाही.
पाड्यांवर तापाची साथ होती,
कारण खरं होतं,
म्हणून राग ठेवायला जागा नव्हती.
कात्री घेतली आणि झुडूप गोल करायला बसलो,
साहेबांच्या बंगल्यासमोर असतात तसं, चेंडूसारखं.
एका बाजूने फार आत गेलो.
हिरव्याच्या मागे सगळं तपकिरी असतं,
हिरवं नुसतं वरून ल्यालेलं,
हे मला माहीत नव्हतं.
आणि तपकिरीतून परत फुटत नाही,
हेही.

महिन्याने ती आली. पाहिलं.
काही म्हणाली नाही.
कुंडी फिरवून टक्कल भिंतीकडे केलं,
मग आत जाऊन वांगी भाजायला घेतली.
रात्री भरिताचा वास होता, आणि आम्ही दोघं
मिठाबद्दल बोललो.

ती गेली की मी कुंडी पुन्हा फिरवायचो.
भिंतीकडच्या बाजूला ऊन मिळत नाही.
ती आली की ती फिरवायची.
पंधरा दिवसांनी एकदा,
न ठरवता.

सहा वर्षं झाली.
मोरपंखी वाढली बोटभर,
तेही माझ्या करंगळीच्या मापाने.
टक्कल भरलं नाही.
वरच्या दोन फांद्या मात्र तिकडे कलल्यात,
झाकायला म्हणून नाही,
तिकडे उजेड मोकळा होता म्हणून.

परवा ती शनिवारी आली.
चपला काढल्या, पिशवी ठेवली.
मी कुंडीकडे बघत राहिलो, आता फिरवेल.
तिने दांडीवरचं फडकं ओढलं,
नळाखाली धरून पिळलं,
आणि खाली बसून
आधी तीच जागा पुसायला घेतली.