दोन बोटं

नाकाच्या शेंड्यावर मसुराएवढा खरबरीत डाग.
दिवाळीपासून खपली धरतो, निघते, परत धरतो.
गंगापूर रोडच्या दवाखान्यात डॉक्टर निकुंभ
भिंग लावून बघत राहिले,
मी त्यांच्यामागच्या खिडकीत
इमारतींच्या फटीतून रामशेज शोधत राहिले.
"किती वर्षं डोंगरात?"
"सव्वीस."
"आणि तोंडाला काय लावता?"
मी हसले. "वारा."

ते हसले नाहीत.
वेळेत आलात, म्हणाले, गोठवून काढू,
पण इथून पुढे जपायचं.

जपायचं!
हा शब्द आईचा.
सिडकोतल्या दोन खोल्या, गच्चीवर पापड,
पापडांना ऊन आणि मला सावली.
"रापशील. मग कोण करून घेईल?"
रविवारी तासभर बेसन, साय, हळद,
आणि सोमवारी कॉलेज बुडवून
मी अंजनेरीच्या कड्यावर, उघड्या दंडांनी.
मनगटावरचा घड्याळाचा फिकट पट्टा
पदकासारखा दाखवत फिरले.
टोपी म्हणजे माघार.
क्रीम म्हणजे जाहिरातीतली बाई,
खिडकीत बसून लग्नाची वाट बघणारी.
सव्वीस वर्षं मी आईशी भांडले
आणि मार खाल्ला नाकाने.

केस काही उन्हात पांढरे केले नाहीत, असं लोक म्हणतात.
माझे उन्हातच झाले.
शहाणपणाचं मात्र काही सांगता येत नाही.

हर्षेवाडीत यमुना लचकेला नाक दाखवलं.
तिने चुलीपुढून न उठता पाहिलं.
"तुम्ही ऊन खायला येता, बाई.
आम्हाला ते रोजचंच.
रोजच्याला अंग कोण दाखवतं?"
आणि मग मला दिसलं:
नवऱ्याचा जुना लांब बाह्यांचा सदरा लुगड्यावरून,
डोक्यावरून कपाळाच्याही पुढे ओढलेला पदर,
टाचांना टोळंबीचं तेल,
दुपारी बारा ते तीन जांभळीखाली, काहीही होवो.
किती वेळा तिच्या मागोमाग चढले मी,
तो पदर मला लाजेचा वाटायचा.

आता हरिहरच्या पायथ्याला, सकाळी सात वाजता,
अकरा मुली ओळीत उभ्या करते.
दोन बोटं भरून घ्या. तर्जनी आणि मधलं.
तेवढं तोंडाला आणि मानेला.
कानाच्या पाळ्या विसरू नका. वेणी उचला, मानेची मागची बाजू.
ओठांना आमसुलाचं तेल, घरचं असेल तर उत्तम.
दोन तासांनी परत. घाम पुसला की परत.
ढग आहेत म्हणून सुटका नाही,
ढगाआडून भाजतं ते कळतही नाही.

सटाण्याची कस्तुरा भामरे,
सगळ्यांत सावळी, सगळ्यांत चपळ,
बोटावरचा पांढरा लपका बघत विचारते,
"मॅडम, याने गोरं होतं का?"
तिच्या मागे कुणाची तरी आई उभी असते,
बहुतेक माझीच.
"नाही," मी म्हणते. "याने काहीच होत नाही.
काही होऊ नये म्हणूनच लावायचं."
ती विचार करते.
मग नाकाला जरा जास्तच फासते,
बैलपोळ्याच्या बैलासारखी दिसते, आणि सगळ्या हसतात.

हात पुसा आता, मातीने घासून पुसा.
पुढे उभ्या पायऱ्या आहेत,
दगडात कोरलेल्या खोबण्या, बोटं रुतवून चढायच्या.
कातळाला तेलकट बोटं चालत नाहीत.
कातळालाही कुणी जपलेलं नाही,
पण त्याचं नाक कुठे सोलतंय.

संध्याकाळी आईचा फोन येतो. ऐंशीला टेकली आहे.
"टोपी घातली होतीस?"
"घातली होती."
पलीकडे बराच वेळ शांतता.
"बरं आहेस ना गं तू?"

घातली होती, खरंच.
फक्त वर, माथ्यावरच्या तळ्याकाठी
मिनिटभर काढून हातात धरली,
ब्रह्मगिरीकडे तोंड करून.
निकुंभांना सांगू नका.