खाडीपलीकडचं यंत्र

यंत्र खाडीच्या पलीकडे,
आयटीआयच्या मागे, तारेच्या कुंपणात.
आमची कलमं अलीकडे, सड्याच्या उतारावर.
मधे पाणी, आणि पाण्यावर इस्माईल होडेकरची तर,
तीही भरती असेल तेव्हाच.
सरकारच्या हिशेबी हे सगळं एक मंडळ.
एका मंडळाला एक आभाळ.

माघातल्या त्या रात्री तो आमच्याकडे पडला.
पन्हळीखालची कळशी भरून वाहिली.
सकाळी मोहोर झाडूने गोळा करावा इतका खाली,
वाटाण्याएवढी कणी देठाशी काळी.
ओंजळभर कणी रुमालात बांधली, तरीत बसले.
पलीकडे रस्त्यावर धूळ होती.
ती धूळ बघून मला जास्त राग आला.

सेंटरातल्या प्रणोती तेलीने संगणक उघडला.
"काकी, काल शून्य दशांश चार."
"काय शून्य दशांश चार?"
"पाऊस. मिलिमीटर. पाच लागतो."
मी रुमाल टेबलावर सोडला.
दोन कणी तिच्या कीबोर्डावर घरंगळल्या.
तिने त्या हळूच उचलल्या, माझ्या हातात दिल्या.
"ह्याला रकाना नाही हो."

पंचनामा नाही, बागेत कोणी येत नाही.
झाडाला विचारायचं नाही, ही योजनाच तशी.
यंत्र खोटं बोलत नाही, हे मला मान्य आहे.
ते फक्त तिथे उभं असतं.

पुढच्या साली हप्ता भरायचा नाही असं ठरवलं
आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळी भरला.
त्या साली थंडी वेळेवर, आभाळ लख्ख,
फांद्यांना बेळे लावावे लागले इतकं फळ धरलं.
आणि फाल्गुनात एका दुपारी
काळा पडदा पलीकडच्या डोंगरावरून उतरला,
आयटीआयच्या पत्र्यावर तासभर वाजला,
पाण्यातल्या मधल्या खुंटापर्यंत आला
आणि थांबला,
तरीचे सुटे पैसे नसल्यासारखा.
मी कुयरी चिरायची थांबले.
आमच्या अंगणात वाळत घातलेली कोकमंसुद्धा
कुणी उचलली नाहीत.

नवरात्रात मोबाईल थरथरला. खात्यात पैसे.
सगळ्या मंडळाला.
आदल्या साली तहसीलच्या दारात घसा बसेपर्यंत
ओरडलेले आम्ही देवळात भेटलो.
खताच्या भावावर बोललो,
कुणाच्या तरी साखरपुड्यावर बोललो.
शशिकांत रामाणे खाकरला,
वाटलं, आता हा बोलणार.
म्हणाला, "उकडतंय."

दुसऱ्या दिवशी मी पलीकडे गेले.
लवू गुरव कुंपणाच्या आत गवत कापत होता.
पावसाच्या नळकांड्यावर कोतवाल बसलेला,
शेपटी वरखाली.
वर तीन वाट्या वाऱ्याने फिरत होत्या,
कुणासाठी असं काही नाही.
एवढंसं तर आहे, मनात आलं.
आमच्या वाडीतल्या हातपंपाएवढं.

"बघायला आलात?" लवू म्हणाला.
पिशवीतून आंब्याची साठं काढली,
पाच होती, तारेवरून दिली.
त्याने कोयता बगलेत धरला, हात पुसले.
"कशाबद्दल?"

मी खाडीकडे बघितलं.
ओहोटी लागायच्या आत निघायला हवं होतं.