कुठेतरी पाणी मुरतंय

दर दोन दिवसांनी पेलाभर कमी.
अंगणातल्या बर्फावर डाग नाही,
नळ्या कोरड्या, धुराड्यातून पांढरं काही येत नाही,
तेलाच्या पट्टीवर साय नाही.
साग्यनबेक काकाची झील, कोळशाची गाडी,
माझ्याहून बावीस वर्षांनी मोठी,
पाणी पिते आणि तोंड पुसून मोकळी.

नारिनच्या बाजारातला मिस्त्री
सूर्यफुलाच्या बिया फोडत म्हणाला, हेड गॅस्केट.
इंजिन उघडावं लागेल. दोन मेंढ्या पडतील.
काका म्हणाला, पोट दुखलं
की तू डोकं उघडतोस?
आणि टोपी कानांवर ओढून निघाला.

घरी त्यानं रेडिएटरला एक झाकण लावलं,
जुन्या ट्यूबचा व्हॉल्व्ह मधोमध डकवलेलं,
आणि मला सायकलच्या पंपावर उभं केलं.
इंजिन अजून कोमट होतं.
मी हवा भरली. काटा चढला. थांबला.
आम्ही गप्प, इंजिन गप्प,
शेजारच्या कोंबड्या तेवढ्या बोलत होत्या.
काटा हलेना.

मग काका गाडीखाली.
वॉटर पंपाच्या पोटाखालचं भोक: काडी घातली, कोरडी निघाली.
थर्मोस्टॅटची टोपी.
कॅबमधला गालिचा उचलून हीटरची नळी.
ब्लॉकच्या पाठीमागची बुचं, जिथे हात पोचत नाही,
तिथे माझा हात.
जे ओलसर लागेल ते तो जिभेवर ठेवायचा.
तोसोल गोड असतं, गोड लागलं की सापडलं.
गंज लागला. जुनं ग्रीस लागलं.
एकदा नुसतीच मेंढीची लोकर.
थुंक, मी म्हणायचे. थुंकायचा.
काकी दारातून ओरडली,
चहा पिणार आहात, की तेच चाटत बसणार?

रात्री तिसऱ्या पेल्याला तो एकदम थांबला.
अगं, आपण तिला गरम असतानाच विचारतोय.
गरम असताना रबर फुगतं, पट्टा आवळतो,
सगळे गुण्यागोविंदानं नांदतात.
थंडीत विचारू.

पहाटे चार. उणे तेवीस.
कुत्रा बांधून ठेवलेला,
कारण गोड म्हणजे विष, हे त्याला कोण सांगणार.
बॅटरी माझ्या हातात, हात माझा आहे की नाही कळत नव्हतं.
काकानं बॉनेट उचललं, आणि या वेळी
काहीच चाचपलं नाही. नुसता बघत राहिला,
मेंढीच्या वेणा बघतात तसा.

ब्रेकची हवा भरतो तो कॉम्प्रेसर,
त्यालाही पाणी लागतं हे कुणाच्या ध्यानात नसतं.
त्याच्या करंगळीएवढ्या नळीवर, पट्ट्याच्या कडेला,
एक निळा थेंब.
पडत नव्हता. धड लोंबतही नव्हता.
गाडी सुरू झाली की खालच्या तापल्या लोखंडावर उतरायचा,
चर्र व्हायचा, आणि
झालं गेलं विसरून जायचा.

काकानं तो बोटावर घेतला, जिभेवर टेकवला.
चार सोन्याचे दात दिसले.
न सांगता थुंकला.
स्क्रूड्रायव्हर. पाव फेरा.
एवढंच.

त्या दिवशी आम्ही दोलोनचा घाट चढलो, रिकामे,
परतताना पाच टन कोळसा.
माथ्यावर त्यानं झाकण उघडलं नाही,
बॉनेटवर तळवा ठेवून उभा राहिला थोडा वेळ,
मग सिगारेट शोधायला लागला.

नवव्या दिवशी पाहिलं.
कमी होतं.
पेलाभर नाही, बोटभर.
मी काकाकडे बघितलं. म्हणाला, चालायचंच,
मी कुठे कुठे गळतो ते ती मला विचारते का?

पण झोपताना
बॅटरी त्यानं उशाशी घेतली.