दगडाचं पीठ

बडोद्यात डोंगर नाही,
म्हणून मी पाण्याच्या टाकीवर चढायचे.
पहाटे साडेपाचला, पाठीवर सॅक,
सॅकमध्ये पाच किलो गव्हाचं पीठ
आणि ते हलू नये म्हणून कोंबलेली जुनी चादर.
एकशे बेचाळीस पायऱ्या.
वॉचमन रतनसिंह खाली खुर्ची टाकून फेऱ्या मोजायचा.
"बेन, हिमालयमां पण लोखंडनी सीडी छे?"
नाही रे, म्हटलं.
मग त्याने डोक्याला हात लावला आणि चहा मागवला.

एकतीस वर्षं मी पाणी तपासलं.
आजव्याचं, बोअरचं,
दांडिया बाजारातल्या नळाचं.
क्लोरीन, काठिण्य, गढूळपणा.
काचेची नळी खिडकीशी धरायची,
आरपार किती दिसतं ते लिहायचं.
निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी शाल दिली.
बडोद्यात, मे महिन्यात, शाल.
म्हटलं, आता हिच्यासाठी तरी
कुठेतरी थंडी शोधायला हवी.

घळीत शिरलो तेव्हा आभाळ
दोन कड्यांमध्ये चिंधीएवढं उरलं.
नोरबू पुढे, मी मधे,
मागे पुण्याची दोन मुलं, फोन उंच धरून रेंज शोधणारी.
नदी दिसत नव्हती.
बर्फाखालून बोलत मात्र होती,
शेजारच्या खोलीत नवराबायको
पाहुण्यांना ऐकू जाऊ नये अशा बेताने भांडतात, तशी.

वरच्या उतारावर नोरबूने पायांना फळ्या अडकवल्या.
"गुडघे वाकवा. स्टुलावर बसता तसं."
जन्मभर स्टुलावरच बसले रे बाबा,
तेवढं येतं मला.

आलं नाही.
आडवी पडले, उलटी पडले,
एकदा तर जागच्या जागी उभी असताना पडले.
नाकात बर्फ, चष्मा कुठेतरी,
आणि मला हसू आवरेना.
या हातांनी प्रयोगशाळेत
एक थेंब कधी सांडला नव्हता.
सातव्या खेपेला वीसेक पावलं घसरत गेले,
न पडता.
रतनसिंहाला सांगायला हवं.

हिमनदी
मी पांढरी धरून चालले होते.
ती निघाली मळकी, राखाडी,
अंगभर दगड, भेगा,
पिंजायला टाकलेल्या जुन्या गादीसारखी.
तिच्या तोंडातून पाणी येत होतं,
दुधात राख कालवावी तसं.
हात आपोआप खिशाकडे गेला, नळीसाठी.
"नापास!" मी मोठ्याने म्हटलं.
पुण्याच्या मुलांना वाटलं, त्यांनाच.

नोरबू हसला नाही.
म्हणाला, आजोबांच्या वेळी ही
त्या लाल खडकापर्यंत होती.
लाल खडक?
तिथे बसून तर आम्ही पराठे खाल्ले होते.
त्याला तास होऊन गेला होता.

एक बाटली भरून आणली.
फ्रिजमध्ये ठेवली, लोणच्याच्या बरणीमागे.
आठवड्याने पाणी निवळलं,
तळाशी चिमूटभर काहीतरी बसलं.
बोटावर घेऊन पाहिलं: मैद्याहून मऊ.
डोंगर दळलेला, कुणाच्याही जात्याविना.
पाच किलो पाठीवर घेऊन चढायला शिकले,
आणि परत आणलं ते एवढं.

सोमवारी कोकिळाबेनने बाटली घासून पालथी घातली.
"अंदर कचरो हतो, बेन."
मी काही बोलले नाही.
मोरीतून गटारात, गटारातून विश्वामित्रीत,
जिथे पुलाखाली मगरी
उन्हात तोंड उघडून पडलेल्या असतात.
एखादीच्या दातांना लागलीही असेल
ती वरची, थंड, बारीक पूड.
तिने तोंड मिटलं असेल.
किंवा नसेलही.