कोरम

घटनेचं अकरावं कलम सांगतं:
शाखेच्या सभेला किमान सात सभासद हवेत.
नसतील तर सभा तहकूब,
अर्ध्या तासानं त्याच जागी पुन्हा भरेल
आणि तिला मग कोरम लागत नाही.

आज आम्ही चौघं आहोत.
कुलकर्णी का भट्ट्यात, हनीफभाईंच्या सायकलदुकानावरची खोली.
खिडकीतून रबर सोल्यूशनचा वास वर येतो.
बाहेरच्या पाटीवरचा पहिला 'स' उडालाय,
त्यामुळे गेली आठ वर्षं
येणाऱ्याजाणाऱ्यांना आम्ही 'माजवादी' आहोत.
रंगाच्या डब्याचा ठराव दोनदा मंजूर झालाय.
खजिनदार मीच,
म्हणून अंमलबजावणी का झाली नाही ते विचारू नका.

तहकुबीचा अर्धा तास.
तुळसाबाई चहा गाळतात,
मी जुनं इतिवृत्त उघडते.
बांगडीसारखी गोल अक्षरं, गणपुले मास्तरांची.

गिरणी बंद पडली त्या वर्षीचं पान.
ठराव असा होता: फाटकावरचा सत्याग्रह थांबवावा,
मालक देतोय ती रक्कम घ्यावी.
मास्तर सव्वा तास विरोधात बोलले,
पाणीही न पिता.
मग विणकाम खात्यातला रामआसरे कोरी उठला,
एवढंच म्हणाला, "मास्तर, पोरीची फी."
आणि बसला.

हात मोजायचं काम माझ्याकडे.
एकोणीस वर्षांची होते, पेन्सिलीनं रेघा मारत होते.
बाजूनं अकरा.
आणि रामआसरेचा हात खांद्याइतकाच वर,
पुढे जाईना. साच्याच्या पट्ट्यानं
तो खांदा कधीच धरून ठेवला होता.
कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं, हा अर्धाच आहे, धरू नका.
मी मास्तरांकडे पाहिलं.
विरोधातही अकराच होते.

"हात किती वर हवा, हे घटनेत नाही," मास्तर म्हणाले,
"मोज."

मी मोजला.
मास्तरांनी टाक झटकला आणि लिहिलं:
ठराव बारा विरुद्ध अकरा मतांनी मंजूर.
चिटणीसांचा विरोध त्यांच्या विनंतीवरून नोंदवला.
हरलेल्या माणसाचं अक्षर कुठं तरी हलायला हवं होतं.
मी शोधते दर वेळी. सापडत नाही.
दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर
तो निर्णय वाचून दाखवायला तेच गेले होते,
इस्त्रीचा सदरा घालून.
कुणीतरी त्यांना गद्दार म्हणालं. त्यांनी ते पूर्ण वाचलं.

पुढे राज्य कार्यालयाकडून परिपत्रकं येत राहिली,
मग नेते येत राहिले, मग नेते जात राहिले,
ज्या पक्षात गेले तिथली घटना त्यांनी वाचली असेल का,
मला शंका आहे.
आमची मात्र दुसऱ्या रविवारची सभा
एकदाही चुकली नाही, तहकूब झाली तेवढीच.

जिन्यात पावलं.
पंक्चर काढेपर्यंत सावली हवी म्हणून
पाठीवर जेवणाची चौकोनी पेटी घेतलेला एक मुलगा
दारात उभा.
"इधर क्या मिलता है?"
"पावती," मी म्हणाले.

तो हसला नाही. बसला.
म्हणाला, काल त्याचा आयडी बंद केला,
का ते सांगायला पलीकडे माणूसच नाही,
नुसती एक खिडकी उघडते, सॉरी म्हणते, मिटते.
आज भावाच्या आयडीवर फिरतोय.
मालक कोण? त्याला माहीत नाही.
तुळसाबाईंनी आपली अर्धी बशी त्याच्यापुढे सरकवली.

मी त्याला कलम सहा सांगितलं:
नवीन सभासदाला सहा महिने मत देता येत नाही,
बोलता मात्र येतं, पहिल्या दिवसापासून.
वर्गणी पाच रुपये. त्याच्याकडे सुटे नव्हते.

अर्धा तास झाला.
हनीफभाई खालून हात पुसत आले, म्हणजे पाच.
अजूनही सात नाहीत, पण आता लागत नाहीत.

मी टोपण काढलं.
तहकूब सभा सुरू. विषय क्रमांक एक: पाटीचा रंग.
पाटी पुढच्या सभेवर ढकलली.
विषय क्रमांक दोन...
"नाव सांग," मी म्हणाले, "हळू सांग,
माझं अक्षर मास्तरांसारखं नाही."