मीठ शेवटी

औशाच्या शाळेत त्या साली
आठवीचं विज्ञान तांबोळी मॅडमकडं होतं
आणि पाणी टँकरवाल्याकडं.
प्रयोगांसाठी आमच्या वर्गाला आठवड्याला एक कळशी.

मॅडमनी पुस्तक उघडलं, बराच वेळ पाहिलं,
अनुक्रमणिकेवर शिसपेन्सिलीनं नवे आकडे टाकले.
ज्यानं पाणी बिघडत नाही ते आधी,
ज्यानं गढूळतं ते मग,
मीठ शेवटी.

म्हणून समपातळी पहिल्या दिवशी.
शिवनंदाचा बाप गवंडी. त्याची लेव्हलची नळी,
वीस फूट, पिवळी पडलेली, आत सिमेंटचा वास.
एक टोक तिच्या हातात, दुसरं मैनोद्दीनच्या.
तो बाकावर चढला, उतरला, गुडघ्यावर बसला;
पाणी दोन्हीकडं डचमळलं, दम खाल्ला,
आणि एका रेषेत येऊन उभं राहिलं.
खडूनं खुणा केल्या, सुतळी ताणली,
तेव्हा दिसलं, फळाच तिरका टांगलाय,
आमच्या भावांनी, काकांनी
दोन बोटं उतरतीवर गणितं सोडवलेली.

मग बाटली, तापल्या खिळ्यानं पाडलेली तीन भोकं.
पुस्तकातल्या चित्रात खालची धार सगळ्यात लांब.
आमच्या परातीत लांब गेली मधली.
"पुस्तक चुकलं," माणिक म्हणाला.
मॅडम म्हणाल्या, "बाटली स्टुलावर ठिव."
ठेवली. खालची धार सुटली ती
परात ओलांडून थेट शहाबादी फरशीवर.
खाली जोर होताच,
पडायला जागा नव्हती.

पेलाभर पाणी फरशीवर पसरलं.
कुणी बोललं नाही.
मॅडमनी ओढणीचा पदर खोचला, फडकं घेतलं,
टिपलं, पिळलं, वेगळ्या डब्यात ठेवलं:
हे शाईच्या प्रयोगाला.

वक्रनळीला सलाइनची नवी नळी, दवाखान्यातून मागून आणलेली.
बालिकानं ओढलं, जरा जास्तच ओढलं,
गाल फुगवून मॅडमकडं बघत राहिली,
थुंकू का गिळू?
"गिळ गं," मॅडम म्हणाल्या, "रोजा माझा हाय, तुझा नाही."
तेव्हा आम्हाला कळलं, सकाळपासून
त्यांच्या हातात पाणी होतं, ओठांवर नव्हतं.
बालिकानं गिळलं. पाणी चढलं, वळलं,
आणि मग कुणी न ओढता उतरत राहिलं.

शाई गुरुवारी.
गवंड्याच्या नळीच्या तोंडाशी सुईनं एक थेंब.
अंगठा दाबून धरला की शाईचा दोरा सरळ,
आजीनं सुईत ओवावा तसा.
अंगठा सोडला की दोरा थरथरला, पिंजला,
नळीभर निळं झालं.
नळी धुवायला पाणी कुठलं? तशीच घरी गेली.
शिवनंदाला वाटलं, बाप ओरडणार.
तो म्हणाला, "आता नदरंला बरं दिसतंय,"
आणि त्या महिन्यात औशातल्या चार भिंती
निळ्या पाण्यानं सरळ झाल्या.

शुक्रवारी केंद्रप्रमुख आले.
नववा धडा चौथ्याच्या आधी कामून?
मॅडमनी कळशी वाकडी करून दाखवली.
साहेबांनी आत पाहिलं,
शेरेबुकात लिहिलं: क्रम पाळावा.
मॅडमनी खाली सही केली.

मग मीठ.
तळात बसलेला बटाटा, पाच मुठी, सहा मुठी,
निळ्या गढूळ पाण्यातून
तो वर आला, म्हातारी पायरी चढते तसा.
हे पाणी लिंबाला चालणार नव्हतं.
मॅडमनी कुंपणालगतच्या गाजरगवतावर ओतलं.
चौथ्या दिवशी गवत करपलं.
वहीत आम्ही तेही लिहिलं, आकडा न घालता.

पुढच्या आठवड्यात टँकर आलाच नाही.
मॅडम म्हणाल्या, वहीचे दोन कागद फाडा, जवळजवळ धरा.
हवाबी वाहतेच की.
फुंकर तुम्ही घाला, माझा घसा कोरडा हाय.

आम्हाला वाटलं, कागद लांब पळतील.
जवळ आले.
"पुन्हा," मैनोद्दीन म्हणाला.